सुपारी घेण्यापासून बिदागी हातात पडेपर्यंत: बेळगाव सीमाभागातल्या गायक-वादकांसाठी

माघ पौर्णिमा जवळ आली की खानापूर, चिक्कोडी, रायबाग भागातल्या देवस्थान कमिट्यांचे फोन सुरू होतात. "जत्रेत अभंगाचा कार्यक्रम ठेवायचाय, किती घेणार?" या प्रश्नाला बहुतेक मंडळी फोनवरच आकडा सांगून मोकळी होतात. मग गाडीचं भाडं वाढतं, पखवाजवाला ऐनवेळी दुसरीकडे जातो, बदली वादक जास्त मागतो, आणि कार्यक्रम रंगूनही मुख्य गायकाच्या खिशात डिझेलच्या पावत्या उरतात. गळा तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. हिशेब शिकायला एक पावसाळा पुरतो. सगळ्यात जास्त नुकसान मात्र त्या न शिकलेल्या हिशेबानेच होतं.

बेळगावच्या कलाकाराला एक मोठी सोय आहे. कोल्हापूर, धारवाड आणि पणजी, तिन्ही दीडशे किलोमीटरच्या आत. तीन राज्यांचे रसिक एका रात्रीच्या प्रवासात गाठता येतात. पण तीन राज्यं म्हणजे तीन तऱ्हेच्या कमिट्या, तीन तऱ्हेचे दर आणि गाडीच्या परमिटचा प्रश्नही आला. खालचा हिशेब सहा जणांचा अभंग-भक्तिगीत संच धरून मांडला आहे. ऑर्केस्ट्रा, भारुड, शाहिरी पथक किंवा नाट्यसंगीताची मैफल असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

आधी विचारा, मग आकडा सांगा

फोन आला की वही उघडा. तारीख विचाराल तेव्हा तिथी, इंग्रजी तारीख आणि वार असं तिन्ही लिहून घ्या. जत्रा तिथीवर ठरते, हॉल इंग्रजी तारखेवर मिळतो, आणि "एकादशीच्या रात्री 12 वाजता" असं कुणी म्हटलं तर ती नेमकी कुठली तारीख यावरून दोन गावांची सुपारी एकाच रात्री पडते. वार लिहिला की चूक लगेच दिसते.

त्यानंतर विचारायचं: उघडा मंडप की सभागृह? कार्यक्रमाआधी काय आहे, कीर्तन, सत्कार, महाप्रसाद? सत्कार असेल तर तुमचे साडेसातचे नऊ होणार हे धरूनच चाला. साउंड कोणाचा? किती तास गायचं? श्रोते मराठी, कन्नड की दोन्ही? आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला लोक लाजतात: पैसे कोण देणार? वर्गणीतून देणार असतील तर खजिनदाराचं नाव आणि नंबर त्याच फोनवर घ्या. एखाद्या दात्याने "कार्यक्रमाचं मी बघतो" असं म्हटलेलं असेल तर इसारा, म्हणजे आगाऊ रक्कम, आल्याशिवाय तारीख धरू नका.

फोन ठेवताना म्हणा, "संध्याकाळपर्यंत आकडा कळवतो."

बिदागी कशी काढायची

बेळगावहून निपाणीला जाऊन यायचं, म्हणजे सुमारे 150 किलोमीटर, सव्वादोन तासांचा कार्यक्रम, साउंड कमिटीचा. मांडणी नमुन्यादाखल आहे, तुमच्या गावचे दर घाला:

हार्मोनियम 2,500, तबला 2,500, पखवाज 2,000, टाळ आणि कोरस 1,200, निवेदक 1,800. साथीदारांचे झाले 10,000.
गाडी, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता 3,500.
वाटेतलं चहा-खाणं, ड्रायव्हर धरून 7 जणांचं, दीडशेप्रमाणे 1,050.
दोन तालमींचा खर्च 600.
वाद्यांची झीज 700.
फोन, छपाई, व्हिडिओ 400.

एकूण 16,250. ही तुमची तळरेषा. याच्याखाली गायलात तर स्वतःच्या खिशातून गावाला कार्यक्रम दिलात. त्यावर मुख्य गायकाची बिदागी 6,000 धरा, झाले 22,250. त्यावर 10 टक्के अडीअडचणीसाठी, म्हणजे ढोबळ 2,250. कमिटीला सांगायचा आकडा 24,500.

वाद्यांची झीज बहुतेक जण धरत नाहीत आणि तिथेच फसतात. तबल्याची पुडी (वरचं कातडं) बदलायची, पखवाजाची वादी ताणून घ्यायची, हार्मोनियमचे सूर लावून भात्याची गळती काढायची, तंबोऱ्याची जवारी (घोडी घासून सूर खुलवणं) मिरजेला नेऊन करून घ्यायची, हे सगळं वर्षातून एकदा तरी येतंच. प्रत्येक कार्यक्रमाचे 700 वेगळ्या डब्यात किंवा खात्यात टाकलेत तर 20 कार्यक्रमांनंतर 14,000 हाताशी असतात. नाहीतर ऐन श्रावणात उसनवारी करावी लागते.

घासाघीस होणारच. कमिटी म्हणेल, 18,000 मध्ये करा. अशा वेळी दर कमी करू नका, कार्यक्रम लहान करा. निवेदक वगळा, वेळ दीड तासावर आणा, किंवा पखवाजाऐवजी एकट्या तबल्यावर भागवा, आणि काय कमी केलं ते स्पष्ट सांगा. तोच संच, तेच तास आणि साडेसहा हजार कमी असं एकदा केलंत की तो आकडा शेजारच्या चार गावांत पोचतो आणि पुढच्या वर्षी तोच तुमचा भाव ठरतो. आपल्या गावच्या देवळात सेवा म्हणून फुकट गायचं असेल तर जरूर गा. पण त्या दिवशी साथीदारांना "सेवा आहे" हे आधी सांगा आणि त्यांच्यापैकी ज्याचं पोट वाजवण्यावरच आहे त्याला त्याचे पैसे द्या.

कागद

ओळखीत कागद कशाला, असं इथे सर्रास म्हटलं जातं. खरं तर ओळख टिकावी म्हणूनच कागद लागतो. स्टॅम्प पेपरची गरज नाही. व्हॉट्सअपवर पाठवलेला मजकूर आणि त्यावर आलेला होकार हाही पुरावा असतो. असं लिहा:

"नमस्कार. ठरल्याप्रमाणे: तारीख, वार, तिथी. ठिकाण. कार्यक्रम रात्री 7.30 ते 9.45. कलाकार 6, ड्रायव्हर 1. बिदागी 24,500. पैकी इसारा 8,000 जमा झाल्यावर तारीख पक्की. उरलेले 16,500 मंचावर चढण्याआधी. साउंड, मंडप, वीज आणि सर्व परवाने कमिटीकडे. सात जणांचं जेवण कमिटीकडे. कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण किंवा पूर्ण चित्रीकरण विचारल्याशिवाय करू नये. मान्य असल्यास 'कबूल' असं लिहून पाठवावं."

कमिटीचा कारभार कन्नडमध्ये चालत असेल तर हाच मजकूर कन्नडमध्येही पाठवा. कन्नड वाचणारा एखादा साथीदार संचात असतोच, त्याच्याकडून एकदा नीट तर्जुमा करून ठेवा आणि दरवेळी फक्त तारीख-आकडे बदला. एखाद्या सरकारी खात्याचा कार्यक्रम असेल तर बिल कन्नडमध्ये दिलेलं लवकर पुढे सरकतं.

रद्द होण्याचं कलम आपल्या भागाला जुळेल असं हवं. गावात कुणी गेलं की जत्रेचा कार्यक्रम थांबतो, आणि सुतकात इसारा परत मागताना कमिटीलाही अवघड वाटतं, ठेवताना तुम्हालाही. म्हणून आधीच लिहा: गावात दुःखद घटना, पाऊस किंवा निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे कार्यक्रम थांबला तर इसारा पुढच्या तारखेला धरला जाईल, सहा महिन्यांच्या आत. कमिटीने दुसऱ्या कारणाने कार्यक्रमाला सात दिवसांपेक्षा कमी उरले असताना रद्द केला तर इसारा परत मिळणार नाही. कलाकाराने रद्द केला तर पूर्ण इसारा दोन दिवसांत परत. हे शेवटचं वाक्य गाळू नका, कमिटीचा विश्वास बसतो तो त्यावरच.

परवान्यांचं थोडं माहीत असू द्या. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. राज्य सरकार सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकतं. "आमच्याकडे चालतं" असं कमिटी म्हणाली तरी पोलीस परवानगीचा फोटो मागून घ्या. मैफल पावणेदहाला भैरवीवर येईल अशीच बांधा. उशीर कमिटीमुळे झाला तर मधली दोन पदं गाळा, भैरवी गाळू नका.

साउंडवाल्याला काय पाठवायचं

"चांगला साउंड ठेवा" म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. चार ओळींची यादी पाठवा: मुख्य गायक 1 माईक, हार्मोनियम 1, तबला 2, पखवाज 2, कोरस-टाळ 1, निवेदक 1, आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यासाठी 1 लाइन. नऊ चॅनेल झाले, म्हणजे 12 चॅनेलचा मिक्सर हवा. गायकासमोर एक आणि तालवाद्यांसमोर एक असे दोन मॉनिटर, म्हणजे कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू येण्यासाठीचे स्पीकर. मंच किमान 16 बाय 12 फूट, सतरंजीखाली फळ्या न हलणाऱ्या.

टाळाला वेगळा माईक नको. टाळ सगळ्या माईकमध्ये आपसूक शिरतो, आणि वेगळा दिलात तर शब्द बुडतात. हार्मोनियमचा माईक भात्याच्या बाजूला ठेवलात तर फुसफुस ऐकू येते, तो सुरांच्या बाजूला, वीतभर अंतरावर ठेवा. मॉनिटरचं तोंड माईकच्या पाठीकडे असू द्या, शिट्टी निघते ती बहुतेक वेळा तोंड चुकल्यामुळे. जनरेटर असेल तर अर्थिंग आहे का ते पाहा. माईकला ओठ लागल्यावर झटका बसत असेल तर गाऊ नका, आधी दुरुस्त करून घ्या. कार्यक्रमाआधी दीड तास पोचा, कारण मंडपात लोक बसल्यावर आवाज बदलतो आणि आधीची तपासणी अर्ध्यावर राहिली असेल तर पहिले दोन अभंग त्यातच जातात.

गाडी नेहमी पिवळ्या पाटीची आणि परराज्याच्या परमिटची घ्या. मित्राची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेली आणि गोव्याच्या वाटेवर चोर्ला घाटात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि नाक्यावर दंड होतो तो वेगळाच.

पैसा, पावती, कर

संचासाठी वेगळं बचत खातं उघडा, यूपीआय त्यालाच जोडा. घरखर्चाच्या खात्यात बिदागी आली की हिशेब कधीच लागत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही: पूर्ण 24,500 तुमच्या नावावर जमा झाले की आयकर खात्याच्या नजरेत ते सगळे तुमचे उत्पन्न. त्यातले 10,000 साथीदारांचे होते हे दाखवायचं तर प्रत्येकाला यूपीआयने द्या किंवा व्हाउचरवर सही घ्या: नाव, वाद्य, तारीख, गाव, रक्कम. पैसे त्याच रात्री, गाडीतून उतरण्याआधी द्यावेत. साथीदार टिकतो तो यावर.

गावच्या कमिट्या टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापत नाहीत, पण कॉलेज, बँका, सहकारी संस्था, कंपन्या कापतात. व्यावसायिक फी धरली तर 10 टक्के, संचाचं कंत्राट धरलं तर एका व्यक्तीला 1 टक्का. व्यावसायिक फीसाठी एका देणाऱ्याकडून वर्षाला 50,000 च्या वर गेलं की कपात, ही मर्यादा एप्रिल 2025 पासून आहे, आधी 30,000 होती. पॅन दिला नाही तर 20 टक्के जातात. समजा कॉलेजने 60,000 च्या बिलातून 6,000 कापले. ते पैसे बुडालेले नाहीत, तुमच्या पॅनवर जमा आहेत. वर्षाचं उत्पन्न कराच्या मर्यादेत असेल तर विवरणपत्र भरून परत मिळतात. विवरणपत्रच भरलं नाही तर मात्र गेले. कापलेले पैसे पॅनवर दिसतात का हे आयकराच्या संकेतस्थळावर तीन महिन्यांनी तपासा. पॅनचा एक आकडा चुकीचा टाइप झाल्याने दुसऱ्याच्या नावावर गेलेली रक्कम वेळेत कळली तर संस्था दुरुस्ती करून देते.

जीएसटीची भीती अनाठायी आहे. वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सेवेसाठी नोंदणी लागत नाही, मग कार्यक्रम गोव्यात असो की महाराष्ट्रात. शिवाय लोककला किंवा शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्य सादर करण्याचं मानधन दीड लाखांपर्यंत असेल तर त्यावर हा करच नाही. चित्रपटगीतांचा ऑर्केस्ट्रा या सवलतीत बसत नाही. संस्था "जीएसटी बिल द्या" म्हणाली तर साधं बिल द्या आणि "नोंदणीकृत नाही" असं लिहा. नोंदणी नसताना बिलात कर लावून घेणं मात्र गुन्हा आहे.

साउंड किंवा वाद्यांसाठी कर्ज हवं असेल तर आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, करा. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते, एजंटला पैसे देऊ नका. मुद्रा योजनेत शिशू गटात 50,000 पर्यंत आणि किशोर गटात 5 लाखांपर्यंत कर्ज मिळतं. बँकेत जाताना कार्यक्रमांची वही, इसाऱ्याच्या नोंदी आणि खातेउतारा न्या. नियमित नोंदी असलेला कलाकार बँकेला वेगळा दिसतो.

अभंग सगळ्यांचा, चाल कुणाची?

संतांचे अभंग, बसवण्णांची वचनं, पुरंदरदासांची पदं यांच्या शब्दांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. पण अलीकडच्या संगीतकाराने बांधलेली चाल त्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं त्याची किंवा ज्याला त्याने हक्क दिले त्याची असते. भजनी मंडळाने प्रसिद्ध चालीत गायलेला अभंग यूट्यूबवर चढवला की हक्काचा दावा येतो आणि जाहिरातीचे पैसे दुसरीकडे जातात ते यामुळे. उपाय एकच आणि तो तुमच्याच हातात आहे: गावच्या वारकरी परंपरेतल्या जुन्या चाली गा किंवा स्वतः चाल बांधा. इथे सीमाभागाची ताकद कामाला येते. एकाच विठ्ठलाचं मराठीत आणि कन्नडमध्ये गाणारा संच दुसरीकडे सहज मिळत नाही. अर्धा तास अभंग, अर्धा तास दासरपदं (पुरंदरदासांसारख्यांची कन्नड पदं) आणि वचनं अशी बांधणी निपाणीतही चालते, धारवाडातही. उच्चार मात्र कन्नड जाणणाऱ्याकडून ओळ न् ओळ तपासून घ्या, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला धारवाडचा श्रोता लगेच ओळखतो.

देवळातल्या धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत, समारंभात गाण्यासाठी हक्काचा परवाना लागत नाही. तिकीट लावलेल्या कार्यक्रमात लागतो, आणि तो आयोजकाने घ्यायचा. हक्काचे पैसे मिळवून देणाऱ्या संस्था आहेत: गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं, गायक-वादकांनी इसाम्राचं सभासदत्व घ्यावं. रेकॉर्डिंग कंपनीचा करार आला तर दोन गोष्टी आधी शोधा, मुदत आणि प्रदेश. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. "कायमचे, संपूर्ण विश्वासाठी" असं लिहून पुढ्यात ठेवलं तर ते खोडायला सांगा. मानधन थोडं कमी झालं तरी चालेल.

रिकामे महिने

जून आणि जुलैत खानापूर भागात पाऊस इतका लागतो की मंडप उभे राहत नाहीत. हे दोन महिने क्लास, रेकॉर्डिंग आणि दुरुस्तीचे. 20 विद्यार्थी, आठवड्याला दोन तास, महिना 600 अशी फी घेतलीत तर 12,000 येतात, आणि ते पावसाळ्यातही येतात. फी महिन्याच्या 10 तारखेच्या आत आगाऊ, चुकलेला तास त्याच महिन्यात भरून देणार, पुढे नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच सांगा. मुलांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी शिडी दिसली की पालक मध्येच क्लास सोडवत नाहीत. क्लासची पाटी लावताना कर्नाटकच्या नियमाप्रमाणे 60 टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि वरच्या भागात हवा, पाटी रंगवण्याआधीच तो मजकूर तयार ठेवा.

18 ते 25 वयाच्या कलाकारांसाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, महिना 5,000, दोन वर्षं. आकाशवाणीच्या स्वरचाचणीत बी श्रेणी मिळाली तरी बिदागीच्या बोलणीत वजन येतं.

पावसाळ्यात तबल्याची शाई मऊ पडते. कापडी गवसणीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, विस्तवाजवळ शेकू नका, तबल्याची पुडी तडकते. हार्मोनियमच्या पट्ट्या फुगून अडकतात, तेल घालू नका, दोन दिवस कोरड्या खोलीत उघडी ठेवा.

याच महिन्यांत तीन छोटे व्हिडिओ करा, प्रत्येकी 60 ते 90 सेकंदांचे: एक प्रत्यक्ष कार्यक्रमातला, एक नुसत्या तंबोऱ्यावरचा, एक कन्नड पदाचा. फोन आडवा धरा, आवाज मिक्सरमधून वेगळा रेकॉर्ड करून जोडा, आणि पहिल्या पाच सेकंदांत गळा ऐकू येऊ द्या. कमिटीचा सेक्रेटरी तेवढंच ऐकतो आणि पुढे पाठवतो.

चित्रकार, रांगोळीकार, मूर्तिकार यांना हाच हिशेब लागू पडतो. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते, म्हणजे पडदे, वेशभूषा, ध्वनिमुद्रित संवाद यांच्या ऑर्डरी फाल्गुनातच पक्क्या करायला हव्यात. पडद्याचा दर चौरस फुटावर सांगा, रंग-कापड वेगळं लावा, निम्मे पैसे आधी घ्या. मूर्तिकारांना विश्वकर्मा योजनेत 5 टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत कर्ज मिळतं.

कार्यक्रम झाल्यावर

दुसऱ्या दिवशी कमिटीला दोन चांगले फोटो आणि पावती पाठवा. वहीत लिहा: किती मिळाले, किती खर्च झाले, साउंड कुणाचा होता, कुठलं पद उचललं गेलं, जेवण किती वाजता मिळालं. आठवड्याने एक फोन करा आणि पुढच्या वर्षीच्या तिथीची विचारणा करून ठेवा. बऱ्याच गावांत पंचकमिटी दरवर्षी बदलते. जुना सेक्रेटरी गोड बोलतो, पण पुढचा निर्णय नव्याच्या हातात असतो. म्हणून त्याच फोनवर नव्या सेक्रेटरीचं नाव आणि नंबर मागून घ्या, आणि जत्रेच्या तीन महिने आधी त्याला तुमचा व्हिडिओ पाठवा.